सर्वांना सोबत घेऊन गड चढताना: ट्रेक आखणाऱ्या मंडळांनी या चुका टाळाव्यात

हरिश्चंद्रगड सोपा आहे की कठीण, हा प्रश्न नोंदणीच्या वेळी हमखास विचारला जातो आणि त्याचे एका शब्दात उत्तर देऊन आपण पहिली चूक करतो. १४२४ मीटर उंचीच्या या गडावर पाचनईहून येणारी वाट चांगली मळलेली आणि बेताच्या चढाची आहे. सावकाश चालणारा माणूसही तिने अडीच-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोहोचतो. खिरेश्वरहून निघाल्यास आधी तोलार खिंडीचा चढ, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा आणि त्यानंतर देऊळ आता येईल, मग येईल असे वाटायला लावणाऱ्या एकामागून एक टेकड्या पार कराव्या लागतात. बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने चढायचे तर जवळजवळ सारा दिवस दगडधोंड्यांच्या घळीत जातो आणि मधले कातळटप्पे दोराशिवाय नवख्यांना पार करता येत नाहीत. त्यामुळे ‘हरिश्चंद्रगड, मध्यम श्रेणी’ एवढेच लिहिलेल्या सूचनेतून येणाऱ्याला काहीच कळत नाही. सूचनेत वाट, एकूण अंतर, चढाची उंची, पायथा ते पायथा लागणारा वेळ, दृष्टिभय (उंचावरून खाली पाहताना वाटणारी भीती) असणाऱ्याला अडचणीची ठरेल अशी जागा आणि महिना, इतके तरी आलेच पाहिजे. महिना मुद्दाम लिहावा, कारण फेब्रुवारीत हसतखेळत पार केलेला कातळ जुलैमध्ये शेवाळलेला असतो आणि सकाळी घोट्याएवढे पाणी असलेला ओढा डोंगरावर तासभर पाऊस झाला की परतताना मांडीपर्यंत चढलेला असतो.

विश्रांती कोणाला मिळते?

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही खिरेश्वरहून अठ्ठावीस जणांना घेऊन निघालो होतो. पुढची मंडळी तोलार खिंडीत व्याघ्रशिल्पापाशी वीस मिनिटे आधी पोहोचली, त्यांनी चिक्की खाल्ली, छायाचित्रे काढली आणि मागचे चौघे धापा टाकत खिंडीत शिरताच ‘चला, सगळे आले’ म्हणून ती उठली. त्यानंतरच्या प्रत्येक थांब्यावर असेच घडले. कातळटप्पा ओलांडल्यावर तिसऱ्या टेकडीच्या चढावर त्या चौघांपैकी एका ताईंच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि त्या वाटेवरच बसल्या. त्यांनी बूट सैल केला होता, पण बोटे थरथरत असल्याने नाडी पुन्हा बांधता येत नव्हती. ओआरएस देण्यासाठी मी त्यांची पाण्याची बाटली मागितली, तर ती काठोकाठ भरलेली होती. पायथा सोडल्यापासून त्या पाणी प्यायला थांबल्याच नव्हत्या. ‘मी थांबले असते तर सगळ्यांचा खोळंबा झाला असता,’ असे त्या म्हणाल्या.

ज्या माणसाला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज होती, त्यालाच ती एकदाही मिळाली नाही आणि हे आम्ही, म्हणजे आखणी करणाऱ्यांनी, घडू दिले होते. गट करून चालताना होणारी हीच चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती दिसत नाही. पुढे असलेल्याला आपण थांबलो होतो, वाट पाहिली होती, असे मनापासून वाटत असते. तेव्हापासून आमच्याकडे थांब्याची वेळ शेवटचा माणूस खाली बसल्यापासून मोजतात. तो बसला, पाणी प्यायला, चार दाणे तोंडात टाकले आणि त्यानंतर दहा मिनिटे झाली की मगच पुढचे उठतात. सर्वांत सावकाश चालणाऱ्या दोघा-तिघांना लीडरच्या लगेच मागे ठेवले तर निम्मी अडचण तिथेच मिटते, कारण शेवटी रेंगाळणारा तोच माणूस पुढे असला की धावतपळत गाठण्याची धडपड थांबते आणि त्याची चाल आपोआप एकसारखी होते. चढावर लीडरने मागच्याशी अधूनमधून बोलत राहावे. त्याला दम न लागता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करावा. रांगेच्या शेवटी चालणारा स्वयंसेवक वाट माहीत असलेला, प्रथमोपचाराची पेटी बाळगणारा आणि स्वभावाने शांत असावा. नव्या स्वयंसेवकाला ‘तू मागे राहा’ असे सांगून ही जबाबदारी ढकलणे टाळावे.

चुकीचा प्रश्न विचारणे

‘तुमचा फिटनेस चांगला आहे ना?’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ म्हटल्याचे मला आठवत नाही. रोज सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर चालणारा गृहस्थ प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो, पण सलग दोन तास उतार उतरताना त्याचे गुडघे काय म्हणतील, हे त्यालाही माहीत नसते. म्हणून प्रश्न ठरावीक आणि उत्तर देता येण्याजोगे असावेत. शेवटचा गड केव्हा आणि कोणत्या वाटेने केला, त्यात किती तास चालणे झाले, उतरताना गुडघे दुखले का, कड्यालगतच्या अरुंद आडव्या वाटेवर पाय लटपटतात का, मधुमेह, रक्तदाब किंवा दम्याचे औषध चालू आहे का आणि ते पाठपिशवीच्या कोणत्या कप्प्यात असेल, एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होते. ही विचारपूस फोनवर, एकेकट्याशी करावी. सर्वांच्या गटावर आजाराविषयी विचारले तर माणूस लपवतो, आणि त्याने लपवले तर दोष त्याचा नाही.

पुण्याच्या मंडळांना सिंहगडाची मोठी सोय आहे. आतकरवाडीहून जाणारी पायवाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास असून चढ सलग आहे, त्यामुळे नव्या सभासदाला एका रविवारी तिथे नेले की त्याचा वेग, त्याचा दम आणि मुख्य म्हणजे उतरतानाचा त्याचा पाय नीट पाहता येतो. वर गाडीरस्ता असल्याने कोणाला झेपले नाही तर खाली आणण्याचीही सोय असते. मात्र घड्याळ लावून किती मिनिटांत चढला हे सर्वांसमोर जाहीर करू नये, कारण त्याने सावकाश चालणारा पुढच्या वेळी येतच नाही.

गट पाडताना

वेगवेगळ्या ताकदीची माणसे एकाच दिवशी नेता येतात, पण त्यासाठी वाटा फुटण्याची आणि पुन्हा मिळण्याची जागा आधी ठरलेली असावी लागते. मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून गायमुख खिंडीपर्यंत सर्वांनी एकत्र जावे, तिथून चढाची हौस असलेल्यांनी विसापूर गाठावा, बाकीच्यांनी लोहगडवाडीतून पायऱ्यांनी लोहगड करावा आणि दुपारच्या जेवणाला वाडीत सर्वांनी पुन्हा भेटावे, ही आखणी म्हणूनच साधते. याउलट वाटेत मध्येच ‘ज्यांना जमते आहे ते पुढे व्हा’ असे म्हणून गट फोडला की दोन्ही अनुभवी माणसे पुढे निघून जातात आणि मागे राहिलेल्यांपाशी वाट माहीत असलेला कोणीच उरत नाही. प्रत्येक गटाला स्वतःचा लीडर, स्वतःचा शेवटचा माणूस, पेटी आणि विजेऱ्या असाव्यात. इतकी माणसे नसतील तर गट पाडू नयेत आणि सर्वांनी सोपी वाट धरावी. मोजणी वाट फुटताना करावी, पुन्हा भेटताना करावी आणि गाडी सुटण्यापूर्वी तर करावीच.

वेळेचा हिशेब

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही उपयोगी पडतो. सपाटीवर तासाला तीन मैल, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक दोन हजार फुटांसाठी, म्हणजे साधारण सहाशे मीटरसाठी, आणखी एक तास धरावा, असे त्यांचे सूत्र आहे. त्यानुसार आठ किलोमीटर अंतर आणि आठशे मीटर चढ यांना तीन तास लागतात. परंतु हा हिशेब धडधाकट माणसाच्या न थांबता चालण्याचा आहे. वीस-पंचवीस जणांच्या मिश्र गटासाठी आम्ही त्याच्या दीडपट ते दुप्पट वेळ धरतो, आणि सुट्टीच्या दिवशी रेलिंगपाशी लागणारी रांग वेगळी धरतो. परत फिरण्याची वेळ निघतानाच सर्वांना सांगून ठेवावी आणि माथा समोर दिसत असला तरी ती पाळावी. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दाट झाडीत त्याआधीच अंधारते आणि थकलेला पाय सर्वाधिक उतारावरच घसरतो.

परत फिरणाऱ्याला लाज वाटू देणे

कोणी मधूनच ‘मी इथेच बसतो, तुम्ही जाऊन या’ म्हणाला तर ते मान्य करू नये. एकट्याला मागे ठेवणे धोक्याचे असते, आणि थंडी वाजली किंवा कंटाळा आला की तो स्वतःच्या मनाने उतरू लागतो. त्याच्यासोबत एक स्वयंसेवक द्यावा आणि तो त्याला पायथ्याच्या गावापर्यंत पोहोचवेल, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. चक्कर, छातीत दुखणे किंवा उन्हात बडबड असंबद्ध होणे अशी लक्षणे दिसली तर ‘थोडेच राहिले आहे’ हे वाक्य उच्चारूही नये. माणसाला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, उन्हाचा त्रास असेल तर अंग ओले करून वारा घालावा, १०८ किंवा ११२ वर फोन करावा आणि त्याच वेळी गावात माणूस धाडावा, कारण वाट ठाऊक असलेले आणि डोली खांद्यावर घेऊन उतरणारे हात बहुधा गावातूनच सर्वांत आधी येतात.

घरी परतल्यावर शेवटच्या माणसाला कोणत्या टप्प्यावर किती वाजले, हे आम्ही वहीत लिहून ठेवतो, दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून पाय कसे आहेत ते विचारतो, आणि त्याच वाटेची पुढची सूचना लिहिताना त्याच वेळा छापतो.