फुकटच्या गाळाची ट्रॉली वावरात पलटण्याआधी

मृग तोंडावर आला, वखरणी उरकली की धुऱ्यावर ट्रॉल्या उभ्या राहतात. “कारखान्याचं खत आहे, भाडं तेवढं द्या.” शेणखत परवडेनासं झालं असताना नाही म्हणणं जड जातं, हे मी जाणतो. पण हे खत म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याचा गाळ. म्हणून हात जोडून सांगतो, गाळ कुठला हे कळल्याशिवाय ट्रॉली पलटू देऊ नका.

डाळ, तेल, दूध, फळप्रक्रियेच्या सांडपाण्याचा जैविक टाकीतला गाळ म्हणजे बहुतांशी जिवाणूच. त्यात नत्र-स्फुरद असतं. प्लेटिंग (धातूचा मुलामा), रंग, रसायनांच्या कारखान्यात चुना-तुरटीने खाली बसवलेला गाळ मात्र घातक कचऱ्यात मोडतो. त्याची जागा नागपूरजवळच्या बुटीबोरीसारख्या अधिकृत घातक कचरा प्रकल्पात. कुजवून त्याचा वास जाईल, शिसं जाणार नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे शिसं 100, क्रोमियम 50, निकेल 50 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे, क्षारता (ईसी) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या आत. तेच माप धरा. अहवाल नसेल तर ट्रॉली परत.

आपल्या काळ्या जमिनीत धातूंआधी क्षार त्रास देतात. एका वावरात ट्रॉली जिथं पलटली होती, तेवढ्याच गोलात पऱ्हाटी उगवली नव्हती. दुबार टोबली, तीही नाही. ढेकूळ फोडलं तर आत पांढरी पूड, बोटाला चिकटणारी. सोडियम वाढला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. खारपाणपट्ट्यात आणि संत्र्याच्या बागेत तर हा धोका पत्करूच नका.

अहवाल चांगला आला तरी दोन कुंड्या भरा: एकीत नुसती माती, दुसरीत दहा भाग मातीला एक भाग गाळ. दोन्हींत दहा-दहा दाणे सोयाबीन. आठ-दहा दिवसांत दोन्हींतली उगवण मोजून ताडून बघा.

त्यात पास झालेला गाळही यंदा पसरू नका. सोयाबीनच्या कुटारात मिसळून, विहिरीपासून लांब, उंचवट्यावर, ताडपत्रीखाली तीन-चार महिने कुजू द्या, अधूनमधून पलटवा. भाजीपाल्याला नकोच.

आणि कुणी रात्रीतून टाकूनच गेला असेल तर वखर घालू नका; मातीत मिसळलेलं पुन्हा वेगळं निघत नाही. ढीग झाका, फोटो काढा, गाडीचा नंबर मिळाला तर टिपून ठेवा आणि पहिल्या पावसाआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.