हॅम्बुर्गची गोदामं बघायला जाताय? या चुका टाळा

मुलांकडे जर्मनीला जाऊन आलेली आमच्या कोथरूडची मंडळी हमखास सांगतात, "हॅम्बुर्गची जुनी गोदामं बघितली, लाल विटांची आहेत." एवढंच? मला ऐकवत नाही. ही गोदामं म्हणजे श्पायशरश्टाट, 1883 पासून लाकडी खांबांच्या पायावर उभी राहिलेली अख्खी वखारवस्ती. तिच्यासाठी 20,000 च्या आसपास माणसांची घरं उठवली. 2015 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. पुणेकराच्या डोक्यात कालवा म्हणजे मुठा कालवा, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भरला. इथले कालवे, म्हणजे फ्लेट, वागतात कोकणातल्या खाडीसारखे. समुद्र शंभरेक किलोमीटर लांब, तरी एल्ब नदीतून भरती आत येते आणि पाणी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीला बोट आत शिरत नाही, मोठ्या भरतीला पुलाखालून जात नाही.

पहिल्या खेपेला मला हे ठाऊक नव्हतं. ताई-भाऊजींना घेऊन धक्क्यावर गेलो, समोर दिसली त्या बोटीची तिकिटं काढली. ओहोटी होती. तासभर कंटेनरच्या क्रेन बघितल्या, बोट गोदामांकडे वळलीच नाही. भाऊजींचे गुडघे धरलेले, चालवत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. ताईने ती गोदामं अजून पाहिलेली नाहीत.

आता मी आदल्या रात्रीच भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर उतरवतो. त्या रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतात, कालची वेळ आज चालत नाही. आणि पैसे देण्याआधी खिडकीवर विचारतो, ही बोट श्पायशरश्टाटमधून जाते का?

बोटीचा एवढा आग्रह का? गोदामाचं एक तोंड रस्त्याकडे, दुसरं पाण्याकडे. कॉफी, मसाल्यांची पोती होडीतूनच वर ओढायची. पाण्यातून मान वर केली की छपराखाली तो माल ओढायचा विंच दिसतो. खाली विटांवर शेवाळाची ओली रेघ असते, भरती कुठवर चढते ते तिथे कळतं.

छोट्या रेल्वेगाड्यांच्या मिनिएचर वंडरलँड प्रदर्शनाचं तिकीट आधीच, वेळेसकट काढा. गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत, रस्ते दगडी आहेत.

"तासाभरात उरकू" म्हणणाऱ्यांना मी सोबत नेत नाही. भर दुपारी येऊन तीनला पळू नका. पॉगेनम्यूलेन पुलावर अंधार पडेपर्यंत थांबा. समोर दोन कालव्यांच्या मधल्या चिंचोळ्या इमारतीवर दिवे लागतात, तेव्हा खालच्या पाण्याकडेही बघा, चढतंय की उतरतंय.