दारू सोडलीय? मग एक स्टूल बनवायला घ्या

दारू सुटली की खायला उठते ती संध्याकाळ, हात रिकामे आणि डोकं भलतीकडे. म्हणून काहीतरी हाताने बनवायला घ्या, साधं लाकडी स्टूल चालेल, कपाट वगैरे आत्ता नको, अर्धवट पडलं की उगाच स्वतःवरच चिडचिड होते.

पण सोडल्यावर पहिले काही दिवस करवत, ड्रिल कशाला हात लावू नका. हात थरथरतात, काहींना पहिल्या २-३ दिवसांत फिट पण येते, त्यामुळे रोज पिणाऱ्याने डॉक्टरला विचारूनच बंद करायची. तोवर कागदावर मापं काढा.

मग रोजचं काम छोटं ठेवा. आज स्टुलाचे पाय कापले, बास. उद्या गोंद लावून शिकंजा (क्लॅम्प) आवळून रात्रभर सोडून द्या. मला विचाराल तर खरी मजा घासण्यात आहे, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आणि तलफ आली की हाच पेपर उचलायचा, कारण ती बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते आणि तेवढ्यात एक पाय गुळगुळीत होतो.

आणि हो, लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये करतात, म्हणजे अल्कोहोलच, वास डोक्यात जातो. दारू सोडायला डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर वाफेनेही त्रास होऊ शकतो. त्यापेक्षा पाण्यावरचं वार्निश घ्या किंवा जवसाचं तेल, फक्त तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

स्टूल कोणाला द्यायचं ते आधीच ठरवा, आणि ते संपायच्या आत पुढच्या वस्तूचं लाकूड आणून ठेवा.