पाइपलाइनचा डिप्लॉयमेंट अ‍ॅक्सेस काढताना या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीत आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या काही पतसंस्थांचं आणि उद्यमबागेतल्या दोन फाउंड्र्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. नवा कोड त्यांच्या सर्व्हरवर आपोआप चढवते ती पाइपलाइन, आणि तो चढवणं म्हणजे डिप्लॉय. शिकून तयार झालेला पोरगा आज ना उद्या पुणे किंवा बेंगळुरू गाठतोच. तो गेला की ईमेल बंद करायचा, कोड ठेवतो त्या गिटहबवरून नाव काढायचं, लॅपटॉप जमा करून घ्यायचा, झालं काम. आम्हीही असंच करत होतो.

मग एकदा निपाणीकडच्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर ऑथराइज्ड-कीजची फाइल उघडली, म्हणजे कुठल्या चाव्यांना आत सोडायचं त्याची यादी. तीन ओळी होत्या. तिसऱ्या ओळीच्या शेवटी, चार महिन्यांपूर्वी काम सोडलेल्या मुलाच्या घरच्या कॉम्प्युटरचं नाव. मॅनेजरसाहेबांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अहो, तो पोरगा तर कधीच गेला नव्हं?" पोरगा सज्जन, त्याने त्या चावीला हातही लावला नव्हता. पण लोकांच्या ठेवी ज्या मशीनवर आहेत, तिथे माणसाच्या सज्जनपणावर भिस्त ठेवून चालत नाही.

आमची चूक साधी होती. पाइपलाइनच्या सेटिंगमधून सिक्रेट (तिथे साठवलेली गुप्त चावी) डिलीट केलं आणि अ‍ॅक्सेस गेला असं धरलं. सेटिंगमध्ये असते ती चावी; कुलूप सर्व्हरवर असतं. चावीची दुसरी प्रत कुणाच्या लॅपटॉपवर, जुन्या लॉगमध्ये, गिटच्या इतिहासात असू शकते. म्हणून अ‍ॅक्सेस नेहमी कुलपाच्या बाजूने काढायचा.

गिटहबची डिप्लॉय की (की म्हणजे चावीच) माणसाला नव्हे, रिपॉझिटरीला, म्हणजे कोडच्या साठ्याला जोडलेली असते. ती टाकणारा माणूस काढला तरी ती चालूच राहते. पर्सनल अ‍ॅक्सेस टोकनचं, म्हणजे एका माणसाच्या नावाच्या चावीचं उलट: माणसाचा अ‍ॅक्सेस गेला की टोकनही निकामी होतं आणि पाइपलाइन अचानक अडते. अशा वेळी घाईत कुणीतरी स्वतःचं टोकन चिकटवतं. कृपा करून हे करू नका, पुढच्या वर्षी तो माणूस गेला की तेच दुखणं पुन्हा येतं.

आता घाईने तोडण्याबद्दल. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसमध्ये, एका आयएएम युजरला (आयएएम म्हणजे तिथली परवानग्यांची व्यवस्था) दोन अ‍ॅक्सेस की ठेवता येतात, त्या याचसाठी. नवी बनवा, पाइपलाइनला द्या, जुनी आधी फक्त निष्क्रिय करा, थोडे दिवस थांबा, मग डिलीट. की शेवटची कधी वापरली ते तिथेच दिसतं, पण त्या तारखेवर एकट्यावर विसंबू नका. पतसंस्थेचं महिनाअखेरचं व्याजाचं काम महिन्यातून एकदा चालतं, आणि ३१ मार्चचं वर्षाला एकदाच. अकरा महिने न वापरलेली चावी बेवारस समजून काढली, तर नेमकं ३१ मार्चच्या रात्री सगळं अडतं आणि काउंटरवरची माणसं ताटकळतात. आधी शेड्यूलची यादी काढा, कुठली चावी कुठे लागते ते लिहा.

चावी बाहेर कुणाच्या हाती लागली असेल तर मात्र थांबायचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या पाइपलाइन पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेली सिक्रेट ताबडतोब बदलायला सांगितलं होतं. तेव्हा आधी तोडा, मोडलेलं मागून दुरुस्त करा. आणि कायमच्या चावीऐवजी रोल (तात्पुरती परवानगी देणारी भूमिका) वापरत असाल तर लक्षात ठेवा, आधीच दिलेलं तात्पुरतं सेशन मुदत संपेपर्यंत जिवंत राहतं. मुदत बारा तासांपर्यंत असू शकते. आयएएममध्ये चालू सेशन रद्द करण्याची सोय आहे, ती वापरा.

ऑफिसात स्वतःचा रनर (पाइपलाइनचं काम चालवणारं मशीन) असेल तर त्याच्यावर डॉकर या सॉफ्टवेअरचं लॉगइन राहिलंय का बघा. वेगळी व्यवस्था केली नसेल, तर पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये बेस-६४ करून पडलेला असतो. ते नुसतं अक्षरांचं रूप बदलणं, कुलूप नव्हे, म्हणजे पासवर्ड उघडाच.

सगळं काढूनही डिप्लॉय होतंय? बहुधा तीच की रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य युजरच्या) ऑथराइज्ड-कीजमध्येही आहे. नाहीतर एसएसएच एजंट (लॉगइनच्या चाव्या सांभाळणारा प्रोग्रॅम) गुपचूप दुसरी की पुढे करतोय, किंवा जुनं कनेक्शन अजून उघडं आहे. कधी सर्व्हरच क्रॉनवरून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) कोड ओढून घेत असतो, तिथे पाइपलाइनचा संबंधच नसतो. जुनी की फाइल नावानिशी देऊन, एजंट बाजूला ठेवून लॉगइन करून बघा. 'परमिशन डिनाइड' आलं, की मगच यादीत त्या चावीपुढे तारीख घाला.