साथकाळातील दंडाला कायदेशीर आव्हान : आधी पावती वाचा, मग आदेश शोधा

कोविडच्या काळात मास्क नाही म्हणून, संचारबंदीच्या वेळेत बाहेर पडल्याबद्दल किंवा दुकान ठरलेल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याबद्दल पुण्यात ज्यांच्यावर कारवाई झाली, त्यांच्यापैकी काहींच्या हाती केवळ पैसे भरल्याची पावती आहे, तर काहींवर पोलीस ठाण्यात रीतसर गुन्हा नोंदवला गेला. कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत आणि त्यांना आव्हान देण्याचे मार्गही वेगळे आहेत. मास्क वापरणे योग्य होते की नव्हते, हा येथे प्रश्नच नाही. तो आवश्यक होता असे मनापासून मानणाऱ्या नागरिकालाही, आपल्याकडून पैसे घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार कोणत्या कलमाने दिला, हे विचारण्याचा हक्क आहे. माझ्या मते न्यायालयासमोर हाच प्रश्न टिकतो. साथ खरी होती की खोटी, या वादात शिरणारा अर्ज स्वतःच स्वतःची बाजू दुबळी करतो.

दंडाचा मूळ आधार म्हणून प्रामुख्याने दोन कायदे पुढे केले जातात. पहिला १८९७ चा साथरोग अधिनियम, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळात आला आणि ज्याच्या अंमलबजावणीची कटू आठवण पुण्याला आहे. त्याच्या कलम २ नुसार राज्य शासनाला तात्पुरते नियम करता येतात, आणि कलम ३ नुसार ते नियम मोडणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील अपराध मानला जातो. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, ज्याच्या कलम ५१ मध्ये निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कारावास, द्रव्यदंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. या दोन्ही ठिकाणी शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने जागेवरच ५०० रुपये वसूल करावेत, असे या कलमांत कोठेही लिहिलेले नाही. राज्य शासनाच्या २७ मार्च २०२१ च्या आदेशात मास्कसाठी ५०० आणि सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यासाठी १००० रुपये दंड होता. परंतु आदेशात रक्कम लिहिली म्हणून ती वसूल करण्याचा अधिकार आपोआप निर्माण होत नाही, तो मूळ कायद्यातून यावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद ३०० अ नुसार कायद्याच्या प्राधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही, आणि रोख रक्कम ही मालमत्ताच आहे.

दुसरी बाजू माहीत नसताना न्यायालयात जाऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२१ रोजी, मोटारीत एकट्याने असताना मास्क नव्हता म्हणून झालेल्या ५०० रुपयांच्या दंडाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मात्र दिल्लीत साथरोग अधिनियमाखाली स्वतंत्र नियम करून दंड घेणारे अधिकारी स्पष्टपणे नेमलेले होते, आणि केरळने तर २०२० मध्ये वेगळा अध्यादेशच काढला होता. तेव्हा आपल्या प्रकरणात विचारायचे ते हेच, की ज्या दिवशी पावती फाडली गेली त्या दिवशी पुण्यात तसा अधिकार देणारा नियम होता का, आणि पावतीवर सही करणारी व्यक्ती त्यात नेमलेली होती का.

यासाठी पावती बारकाईने वाचावी लागते. तीवर तारीख, वेळ, ठिकाण, कलम, रक्कम, अधिकाऱ्याचे नाव व पदनाम आणि पावती पुस्तकाचा क्रमांक आहे का, हे पाहावे. ठिकाणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे, खडकी व देहूरोड ही कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट) आणि जिल्ह्याचा ग्रामीण भाग यांच्या हद्दी एकमेकींना लागून असल्या तरी आदेश देणारे प्राधिकारी वेगळे होते. वेळही तितकीच महत्त्वाची आहे. एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला पुण्यात संध्याकाळी ६ पासून संचारबंदी लागू झाली, तर राज्याच्या आदेशातील वेळ रात्री ८ ची होती. त्यामुळे संध्याकाळी ७ वाजता झालेली कारवाई कोणत्या आदेशाखाली होती, हे पावतीवरूनच सिद्ध व्हायला हवे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालील आदेश मुदतवाढ नसल्यास दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, हेही तारखेशी ताडून पाहावे.

आदेशाच्या प्रती मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकारासारखे दुसरे साधन नाही. अर्ज १० रुपयांच्या शुल्कासह संबंधित क्षेत्रीय कार्यालयाच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द असावेत, म्हणून मजकूर नेमका ठेवावा. नमुना असा : “पावती क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये माझ्याकडून वसूल केलेल्या ५०० रुपयांसंदर्भात पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. ही रक्कम वसूल करण्याचा अधिकार देणारा आदेश किंवा अधिसूचना. पावतीवर सही करणाऱ्या कर्मचाऱ्यास प्राधिकृत केल्याचा आदेश. आणि ही रक्कम ज्या लेखाशीर्षात जमा झाली त्याची नोंद.” शेवटची मागणी अनेकजण विसरतात. पैसे कोणत्या शीर्षाखाली जमा झाले, यावरून प्रशासनाने स्वतः त्या रकमेकडे दंड म्हणून पाहिले की तडजोड शुल्क म्हणून, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची रक्कम म्हणून, हे कळते. “का वसूल केले?” असा प्रश्न विचारू नये, माहिती अधिकारी अभिलेख देतो, स्पष्टीकरण नव्हे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते.

थुंकण्याबद्दलच्या दंडाला हीच मात्रा लागू पडेल असे समजू नये. कचरा व अस्वच्छतेबद्दल जागेवर दंड आकारण्याची तरतूद त्या काळी लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत आणि त्यांवर आधारित उपविधींत होती, त्यामुळे पावतीवर त्यांचा उल्लेख असल्यास आव्हान बरेच कठीण होते.

ज्यांच्यावर गुन्हा नोंदवलेला आहे, त्यांची कायदेशीर बाजू पावतीधारकांपेक्षा पुष्कळ भक्कम असते. कलम १८८ खालील अपराधाची दखल, म्हणजे खटला चालवण्यासाठी प्रकरण हाती घेणे, न्यायालयाला केवळ पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून घेता येत नाही. ज्याचा आदेश मोडला त्या लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी फिर्याद द्यावी लागते, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९५ सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने सी. मुनिअप्पन प्रकरणात २०१० मध्ये ही अट बंधनकारक ठरवली आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ६० मध्येही फिर्याद कोणी करावी याची अशीच मर्यादा आहे. शिवाय एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या अपराधाची कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ नुसार एका वर्षात दाखल व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने मुदतींच्या गणनेतून १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला होता. तो काळ सरकार पक्षाच्या बाजूने धरला, तरी ती मुदत फेब्रुवारी २०२३ अखेर संपते. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असतो, परंतु त्यासाठी सरकार पक्षाला कारण द्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या असल्या, तरी आधीच्या कृत्यांना शिक्षेची जुनीच कलमे लागतात.

म्हणून समन्स आल्यावर “पाचशे रुपये भरून मोकळे होऊ” या विचाराने गुन्हा कबूल करू नये, असे मी कळकळीने सांगेन. कबुलीनंतर होते ती दोषसिद्धी, आणि नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या अर्जात तिची माहिती द्यावी लागू शकते. त्याऐवजी दोषारोपपत्राची प्रत मागावी, तिच्यात लोकसेवकाची लेखी फिर्याद आहे का ते पाहावे, आणि नसल्यास दखल घेण्यासच हरकत घेणारा अर्ज द्यावा. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी टाळेबंदीच्या काळातील कलम १८८ खालील गुन्हे मागे घेण्याचे जाहीर केले होते. पण घोषणेने खटला संपत नाही, त्यासाठी सरकारी वकिलाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली अर्ज करून न्यायालयाची संमती घ्यावी लागते. आपल्या खटल्यात तसा अर्ज झाला आहे का, याची लेखी विचारणा सरकारी वकिलांच्या कार्यालयात करावी. वकील परवडत नसल्यास शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

ज्यांनी दंड भरून टाकला आहे, त्यांना खोटी आशा दाखवणे बरे नाही. महापालिकेविरुद्धच्या दाव्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत आहे, आणि रक्कम परत मिळवण्याच्या दाव्याची सर्वसाधारण तीन वर्षांची मुदतही, वगळलेला काळ धरून, फेब्रुवारी २०२५ अखेर उलटली आहे. कायद्याबाबतच्या चुकीच्या समजुतीने पैसे भरले आणि ती चूक नंतर उघड झाली, असा युक्तिवाद मुदत अधिनियमाच्या कलम १७ खाली करता येतो. तो मान्य होईलच असे नाही. दुसरा मार्ग उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील याचिकेचा. पुणे जिल्हा कोल्हापूरच्या नव्या सर्किट बेंचकडे गेलेला नाही, त्यामुळे याचिका मुंबईतच करावी लागते, आणि पाचशे रुपयांसाठी एकट्याने तो खर्च करणे परवडत नाही. एकाच आदेशाखाली दंड झालेले दुकानदार किंवा सोसायटीतील रहिवासी एकत्र आले, तर याचिका शक्य होते. विशेषतः नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाप्रमाणे ज्या आस्थापनांकडून १० हजार किंवा ५० हजार रुपये घेतले गेले, त्यांनी याचा विचार जरूर करावा. याचिकेआधी आयुक्तांकडे परताव्याचे लेखी निवेदन देऊन त्याची पोच घ्यावी, आणि ती पोच, मूळ पावती व माहिती अधिकारात मिळालेली उत्तरे याचिकेसोबत जोडावीत. “असा प्राधिकृत करणारा आदेश अभिलेखात उपलब्ध नाही” असे लेखी उत्तर हाती आले असेल, तर वकिलाला ते सर्वांत आधी दाखवावे.