बाळाला धाप लागली आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

रात्रपाळीला मुलांच्या वॉर्डात येणारं बाळ आधी दिसतच नाही. दिसतं ते गाठोडं. टोपरं, स्वेटर, त्यावर दुपटं, त्यावर आजीची शाल. गेल्या पावसाळ्यात असंच पाच महिन्यांचं बाळ घेऊन एक आई आली. "सिस्टर, तीन दिवस साधी सर्दीच होती हो. आज संध्याकाळपासून दूध ओढत नाहीये." बाळ रडत नव्हतं, खोकत नव्हतं, घरघरही ऐकू येत नव्हती. एकेक कपडा सोडवत झबलं वर केलं, तर दर श्वासाला बरगड्यांखाली बोटभर खड्डा पडत होता. मिनिटाला ६८ श्वास. आई बघतच राहिली. म्हणाली, "पण आवाज कुठे येत होता?"

चार दिवस ऑक्सिजनवर राहून ते बाळ घरी गेलं. पण तिचा तो प्रश्न मी फार वेळा ऐकलाय. बाळाचं नाक वाजलं की सगळं घर जागं होतं, आणि छाती गुपचूप ओढली जात असते तेव्हा शालीखाली कुणी बघत नाही. म्हणून आधी डोळ्यांनी बघायचं कसं ते सांगते. औषधांचं नंतर.

पहिली पायरी: झबलं वर करा आणि मोजा

बाळ शांत हवं, झोपलेलं असेल तर उत्तम. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरू नका. तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजा. दिवा लावा, झबलं गळ्यापर्यंत वर घ्या. लहान बाळं पोटानं श्वास घेतात, त्यामुळे नजर छाती आणि पोट जिथे मिळतात तिथे ठेवा. पोट वर येऊन खाली गेलं की एक.

मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची घाई करू नका. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. चार-सहा श्वास भरभर, मग पाच-दहा सेकंद थांबा, मग पुन्हा सुरू. रंग बदलत नसेल तर एवढा थांबा त्या वयात चालतो. मात्र २० सेकंद श्वास थांबला, किंवा थांबताना बाळ निळसर वा पांढरंफटक पडलं, तर तडक दवाखाना गाठायचा.

जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेले आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा:

- २ महिन्यांपेक्षा लहान बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

एवढा आकडा दोनदा मोजूनही आला तर श्वास जोरात चालला आहे असं धरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र लगेच, रात्र असली तरी.

हे मोजणं कुणालाही जमतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या सुईणींसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडलेलं साधं उपकरण तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्या कामावरचा त्यांचा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आपल्या हातात तर मोबाईल आहे.

दुसरी पायरी: खड्डा शोधा

मोजून झालं की झबलं तसंच वर ठेवा आणि आणखी अर्धा मिनिट बघा. श्वास आत घेताना बरगड्यांची खालची कड आत ओढली जाते का? गावाकडे याला 'पोट उडणं' म्हणतात आणि म्हाताऱ्या बायका ते बरोबर हेरतात. गळ्याच्या खोबणीत खड्डा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? श्वासाबरोबर मान डोलते का? बाळ दर श्वासाला कण्हतंय का?

यातलं काहीही दिसलं, किंवा बाळानं दूध सोडलं, हाक मारूनही डोळे उघडेना, ओठ-जीभ निळसर दिसू लागली, तर मोजत बसू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन लावला की रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंत थांबण्यापेक्षा स्वतःचं वाहन लवकर पोचणार असेल तर निघा. सावळ्या मुलांचा निळेपणा कातडीवर चटकन कळत नाही. जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा.

तिसरी पायरी: आवाज कुठून येतोय?

नाकातली घरघर सगळ्यात मोठी वाजते आणि बहुतेकदा सगळ्यात निरुपद्रवी असते. बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं आणि नाकाची वाट अगदी अरुंद असते, त्यामुळे जरासा शेंबूडही वाजतो. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब (सलाईन ड्रॉप्स) मेडिकलमध्ये मिळतात. दूध पाजायच्या आधी दोन-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत घाला, मिनिटभर थांबा, बाहेर आलेलं मऊ कापडानं टिपा. मोठ्या माणसांचे नाक मोकळं करणारे थेंब बाळाला कधीच घालू नका.

श्वास सोडताना शिट्टीसारखा 'सूं' आवाज येत असेल तर छातीतल्या बारीक नळ्या आवळल्या आहेत. दोन वर्षांखालच्या मुलात हे बरेचदा विषाणूनं होतं. आधी सर्दी येते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी धाप वाढते, म्हणून 'दोन दिवस ठीक होतं' यावर विसंबू नका. याउलट श्वास आत घेताना घोगरा आवाज आणि कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आला तर गळ्याला सूज असते. अशा मुलाला आडवं न करता मांडीवर बसवून न्या आणि रडवू नका.

खेळता-खेळता, खाता-खाता एकाएकी ठसका आणि लगेच श्वासाचा त्रास सुरू झाला तर काहीतरी अडकलंय असं समजा. आपल्याकडे हे बहुधा शेंगदाणा किंवा फुटाणा असतो. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघेना, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून करत राहा. वर्षावरच्या मुलाला पाठीवर ५ थापा आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेनं ५ झटके. बाळ निपचित पडलं तर थापा थांबवून छातीदाब आणि तोंडानं श्वास द्यायचा, आणि १०८ चा फोन स्पीकरवर ठेवायचा. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

घरात चालत आलेल्या काही गोष्टी थांबवाव्या लागतील

हे लिहिताना माझी आजी डोळ्यांसमोर येते. तिनं आम्हा भावंडांना ओवा, वावडिंग आणि लसणाच्या सालांची धुरी दिली, मायेनंच दिली. पण धूर तो धूरच. बाळाची छाती भरलेली असताना तो थेट श्वासनळीवर जातो, आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू तर बाळ-बाळंतिणीच्या जिवावर उठतो. आजीला शेक द्यायचाच असेल तर खोली उबदार ठेवा, बाळाला छातीशी धरा.

नाकात तेल घालू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कापूर किंवा कापराचा बाम दोन वर्षांखाली नको. वेखंडाची पूड किंवा टाल्कम पावडर बाळाजवळ उडवू नका. उकळत्या पाण्याची वाफ देताना भाजलेली मुलं मी पाहिली आहेत, तीही नको. पोटावर चटके दिल्यानं धाप जात नाही, बाळाला फक्त जखमा होतात. गुटी मधात उगाळत असाल तर वर्षापर्यंत मध बंद. वर्षानंतर मात्र खोकल्याला रात्री अर्धा चमचा मध खरंच बरा.

आणि खोकल्याचं औषध काउंटरवरून आणू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, कित्येक मुलं उपचारांसाठी नागपुरात आणली होती, आणि अनेक दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत.

सर्दी की अ‍ॅलर्जी?

विषाणूची सर्दी ताप आणू शकते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. सकाळी उठल्यावर ओळीनं दहा-बारा शिंका, नाकाला आणि डोळ्यांना खाज, पाण्यासारखं नाक, आणि तळहातानं नाक खालून वर चोळायची सवय. काही मुलांच्या नाकावर त्यामुळे आडवी रेघ उमटते. रात्री किंवा पळाल्यावर खोकला, अंगावर चट्टे-खाज, आई-वडिलांपैकी कुणाला दमा, असं जुळत असेल तर दोन आठवडे वही ठेवा: त्रास कधी झाला, कुठे होतो, काय झाडलं, काय पेटवलं. डॉक्टरांना ती वही तपासण्यांच्या फायलीइतकी उपयोगी पडते.

मग घराकडे बघा. गादी, उशी, जुन्या गोधड्या आणि मऊ खेळणी यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे वाढतात, पावसाळ्यातल्या दमटपणात तर जास्तच. चादरी, अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यातून काढा, उन्ह पडलं की गाद्या बाहेर टाका. झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं फिरवा. भिंतीची ओल आणि बुरशी औषधापेक्षा आधी दुरुस्त करायची गोष्ट आहे. झुरळंही दम्याला कारण होतात.

मच्छर अगरबत्तीबद्दल मी आग्रहानं सांगते. २००३ च्या एका अभ्यासात मच्छरांच्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा. विडी-सिगारेट गॅलरीत ओढली तरी तिचा वास शर्टावर बसून पाळण्यापर्यंत येतो.

खाण्याबाबत उलट सांगेन: अंदाजानं काही तोडू नका. केळं, दही, संत्री 'थंड' म्हणून बंद केलेली आणि त्यापायी वजन न वाढलेली मुलं पुष्कळ येतात. खरी अन्नाची अ‍ॅलर्जी बहुतेकदा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी. या गांधींबरोबर धाप, घोगरा आवाज किंवा गळून जाणं दिसलं तर तो जिवाचा प्रश्न आहे. त्यावर मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, म्हणून जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

पंप द्यायचा तो असा

दम्याच्या पंपाबद्दल (इन्हेलर) 'पंपाची सवय लागते' हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो, कारण त्या भीतीपायी मुलं वर्षानुवर्षं सिरप पितात. हिशेब बघा. आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या नेहमीच्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम औषध असतं आणि ते सगळ्या अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग, आणि तो थेट छातीत.

लहान मुलाला पंप नुसता तोंडात देऊन चालत नाही. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, हवा, आणि चार-पाच वर्षांपर्यंत त्याला मास्क हवा.

१. टोपण काढा, पंप जोरात हलवा. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला असेल तर आधी हवेत एक-दोनदा दाबून बघा.
२. पंप स्पेसरला बसवा. मूल मांडीवर, पाठ तुमच्या छातीला, ताठ बसलेलं. मास्क नाकातोंडावर असा टेकवा की फट राहणार नाही.
३. एकदाच दाबा. मग मुलाला साधे पाच-सहा श्वास घेऊ द्या. स्पेसरची झडप हलताना दिसली पाहिजे. झडप हलत नसेल तर औषध आत जात नाही.
४. अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा दाब. दोन दाब एकदम नाही.

रडणाऱ्या मुलाच्या छातीत फार थोडं पोचतं. म्हणून बरं असतानाच आधी बाहुलीला पंप द्या, मग तुम्ही मास्क लावून दाखवा, मग मुलाच्या हातात द्या. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळत ठेवा. फडक्यानं पुसला तर प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं. रोजचा, दमा काबूत ठेवणारा पंप दिल्यावर मुलाला चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा पुसा. हा रोजचा पंप मूल बरं दिसलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका.

धाप लागल्यावर तातडीच्या पंपाचे किती दाब द्यायचे, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या. २० मिनिटांनी पुन्हा देऊनही उतार पडेना, किंवा आराम तीन तासही टिकेना, तर रुग्णालयाकडे निघायचं आणि वाटेत पंप चालू ठेवायचा.

निघताना धापेचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून घ्या, चालू औषधं पिशवीत टाका. बाळाला खांद्याशी उभं धरा. स्वेटर घाला, पण पुढची बटणं उघडी ठेवा, म्हणजे रस्ताभर छाती दिसत राहील.