आंतरराष्ट्रीय संबंध शिकताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षाला येणारी बरीच मुलं या विषयाला चालू घडामोडींचा मोठा भाऊ समजतात. रात्री टीव्हीवरची चर्चा ऐकायची, सकाळी अग्रलेख वाचायचा आणि परीक्षेत तेच उतरवायचं. गुण कमी पडले की मग तक्रार येते, ‘सर, मी तर रोज वाचतो!’

पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून कुलभूषण जाधव या भारतीयाला फाशीची शिक्षा सुनावली आणि भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, त्या खटल्यावर मी दरवर्षी एक उत्तर लिहायला देतो. ‘हेगच्या न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला’ हे वाक्य हमखास कुठल्या तरी वहीत सापडतं. निकाल उघडून पाहा. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की पाकिस्तानने वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं. जाधवांना त्यांचे हक्क कळवले नाहीत आणि भारतीय अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी देऊ नका, असंही बजावलं. शिक्षा रद्द करून सुटका करा, ही भारताची मागणी मात्र मान्य केली नाही. का? कारण न्यायालयाला अधिकार होता तो या करारापुरता, आणि तोही वाद या न्यायालयात नेण्याची सोय करणाऱ्या त्याच्या जोडकरारात दोन्ही देश सामील होते म्हणून. खुद्द शिक्षा बरोबर की चूक, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता. हा ‘का’ समजला की भारत-पाकिस्तानातला प्रत्येक वाद हेगला का जात नाही, हेही आपोआप कळतं.

म्हणून गाडी अडली असेल तर बातमी बाजूला ठेवा आणि मूळ कागद हातात घ्या. १९७२चा शिमला करार जेमतेम दोन-तीन पानांचा आहे, १९६०चा सिंधू पाणीवाटप करार बराच मोठा. पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारा. ‘करेल’ आणि ‘करण्याचा प्रयत्न करेल’ यांत केवढं अंतर आहे, ते दहा मिनिटांत दिसतं.

दुसरी चूक म्हणजे वास्तववाद (देश आपली सत्ता आणि हित पाहून वागतात), उदारमतवाद (देशातल्या लोकांचा दबाव, व्यापार, संस्था यांनाही महत्त्व असतं) अशा सिद्धांतांच्या व्याख्या घोकणं. व्याख्या येतात, वापरता येत नाहीत. सिद्धांत आपल्या माहितीच्या घटनेवर घासून पाहा. २९ सप्टेंबर २०१९ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावात शेतकरी संतापले, ढाक्यात कांदा महागला आणि काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात ही अडचण बोलून दाखवली. बांगलादेशाशी मैत्री हवी असताना सरकारने असं का केलं? राष्ट्रहित एवढा एकच शब्द लिहून भागत नाही. इथल्या ग्राहकाचा दबाव, तोंडावर आलेली विधानसभा निवडणूक, सगळं मांडावं लागतं. असं उत्तर वाचताना मला खरंच आनंद होतो.

परराष्ट्र सेवेत जायला हीच पदवी लागते, हा समजही काढून टाका. यूपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. विषय आवडतो म्हणून घ्या.

आणि परकीय भाषा तिसऱ्या वर्षावर ढकलू नका. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, पहिल्याच वर्षी चौकशी करा. रशियन किंवा जपानी हाताशी यायला काही वर्षं जातात, आणि एकदा का शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मानगुटीवर बसला की तेवढा वेळ मिळत नाही.